सोसायटीचं गेट, मावशींचा रिपोर्ट आणि दिवाळी : एका सेक्रेटरींच्या प्रश्नांना उत्तर

प्रश्न (ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, नोव्हेंबर २०२०) : आमची चार विंगची सोसायटी आहे. गेल्या आठवड्यात बी विंगमधलं अख्खं कुटुंब कोविड पॉझिटिव्ह आलं. त्यातल्या काकांची झटपट होणारी अँटीजन टेस्ट आधी निगेटिव्ह होती, दोन दिवसांनी लॅबमधली आरटीपीसीआर पॉझिटिव्ह आली. ए विंगमधल्या एका गृहस्थांना बरं होऊन महिना होत आला, तरी रिपोर्ट अजून पॉझिटिव्हच येतो. लोक त्यांना लिफ्टमध्ये येऊ देत नाहीत. बरेच सभासद म्हणतात, घरकामाच्या मावशी, ड्रायव्हर, वॉचमन यांच्याकडून दर पंधरा दिवसांनी निगेटिव्ह रिपोर्ट घ्या, नाहीतर गेट बंद करा, बी विंग सील करा. तरुण मंडळींना मात्र जिम आणि क्लबहाऊस उघडून हवंय, दिवाळी पहाट करायची आहे. २३ तारखेपासून शाळा सुरू होणार म्हणतात. कमिटीने नेमकं काय करावं?

उत्तर (एका डॉक्टरांचं, नोव्हेंबर २०२० मधलं; नियम, दर आणि आकडे तेव्हाचे) :

आधी एक काम आजच करा, बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. बी विंगमधल्या काकांना पहिल्यांदा ताप कधी आला ती तारीख विचारून घ्या. रिपोर्टची नको, तापाची हवी. या आजारात पहिले चार-पाच दिवस बरे गेलेला माणूस सातव्या-आठव्या दिवशी ढासळू शकतो, आणि ऑक्सिजन उतरला तरी अनेकांना धाप जाणवतच नाही. घरात ऑक्सिमीटर नसेल तर सोसायटीने त्यांच्या दारात नेऊन ठेवावा. बसून आकडा पाहायचा, मग घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं आणि पुन्हा पाहायचा. चालल्यावर तो ९४ च्या खाली आला किंवा आधीपेक्षा तीनने पडला, तर उद्याची वाट पाहू नका, डॉक्टरांना आणि १०८ ला फोन करा. ज्यांना बसल्याजागीच दम लागतोय त्यांना चालवून बघू नका, त्यांना थेट रुग्णालयात न्या.

आता तुमचे प्रश्न. मी ठाण्यात बरीच वर्षं फिजिशियन म्हणून काम करते आणि या उन्हाळ्यापासून कोविड वॉर्डातही जाते. तुमच्यासारख्या कमिट्यांचे फोन रोज येतात. प्रश्न वेगवेगळे असतात, पण मागणी बहुतेक वेळा एकच असते : हा माणूस सुरक्षित आहे, असं कोणीतरी कागदावर लिहून द्यावं. असा कागद कुठलीही लॅब देऊ शकत नाही. तरी त्या कागदासाठी आपण माणसांना रांगेत उभं करतो, पैसे घालवतो, आणि ज्याने साथ खरोखर आवरते ते करायचं राहून जातं. म्हणून चाचणीविषयी जरा सविस्तर सांगते.

विषाणू शरीरात शिरला त्याच दिवशी तो नाकाच्या स्वॅबमध्ये सापडत नाही. तो तिथे वाढावा लागतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच दिवस जातात, काहींना चौदा दिवसही लागतात. या काळात सुरुवातीला केलेली आरटीपीसीआर निगेटिव्ह येणारच. बरेच अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा आहे, की लक्षणं सुरू झाली त्या दिवशीसुद्धा शंभर बाधितांपैकी सुमारे ३८ जण या चाचणीतून निसटतात, आणि त्यानंतर तीन दिवसांनी हे प्रमाण २० च्या आसपास येतं. म्हणजे चाचणीची सगळ्यात चांगली वेळ धरली तरी पाचातला एक सुटतो. स्वॅब नीट घेतला गेला नाही, नाकात पुरेसा आत गेला नाही, तर आणखी सुटतात.

अँटीजन टेस्टचं गणित वेगळं आहे. ती अर्ध्या तासात निकाल देते, महापालिकेच्या केंद्रांवर मोफत होते, आणि जिथे माणसं खूप आहेत तिथे तिचा फार उपयोग होतो. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) जूनमध्ये पहिल्या किटला मान्यता दिली तेव्हा त्यांच्याच तपासणीत दिसलं होतं, की पॉझिटिव्ह निकाल जवळजवळ नेहमी खरा असतो, पण खऱ्या बाधितांपैकी ही टेस्ट ५० ते ८४ टक्क्यांनाच पकडते. म्हणून नियम पहिल्या दिवसापासून असा आहे : लक्षणं असलेल्या माणसाची अँटीजन निगेटिव्ह आली तर त्याची आरटीपीसीआर झालीच पाहिजे, आणि तो निकाल येईपर्यंत त्याने घरात वेगळं राहायचं. तुमच्या काकांच्या बाबतीत चाचणी ‘फसली’ नाही. अपेक्षेप्रमाणेच घडलं. आता प्रश्न एवढाच आहे की मधले दोन दिवस ते कुठे होते. पहिल्या निगेटिव्हनंतर ताप असताना ते खाली येऊन बसले असतील, तर तुमचं खरं काम त्या दोन दिवसांतल्या संपर्कांशी आहे.

संपर्क म्हणजे कोण, हेही स्पष्ट ठरवा. जिन्यात समोरून गेलेला माणूस संपर्क नव्हे. सहा फुटांच्या आत, पंधरा मिनिटं किंवा जास्त वेळ, विशेषतः मास्कशिवाय किंवा बंद खोलीत सोबत होता तो. घरातले तर आलेच. अशा माणसाला लक्षणं नसतील तर त्याची चाचणी संपर्कानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान एकदा करायची. आपल्याकडे उलटं होतं. शेजारी पॉझिटिव्ह आल्याचं कळताच पूर्ण मजला दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये धावतो, निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन येतो आणि निर्धास्तपणे आईवडिलांकडे डोंबिवलीला जेवायला जातो. त्या निगेटिव्हला काही अर्थ नाही. संपर्क आला असेल तर चौदा दिवस घरात राहणं हेच करायचं असतं, रिपोर्ट काहीही आला तरी.

ए विंगमधल्या गृहस्थांवर मात्र उघड अन्याय चालला आहे आणि तो आजच थांबवायला हवा. आरटीपीसीआर विषाणूच्या जनुकाचे तुकडे शोधते. विषाणू मेल्यावरही ते तुकडे घशात आणि नाकात कित्येक आठवडे सापडतात. दक्षिण कोरियात बरे झाल्यावर पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्या लोकांचा माग काढला गेला. त्यांच्यापासून कोणाला लागण झाल्याचं आढळलं नाही, आणि त्यांच्या नमुन्यांतून जिवंत विषाणू वाढवताही आला नाही. केंद्राने तर ८ मे रोजीच घरी सोडण्याचे नियम बदलले. सौम्य आजार असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस पूर्ण आणि शेवटचे तीन दिवस ताप नाही, एवढं पुरतं. त्यानंतर आणखी सात दिवस घरात राहायचं. शेवटी पुन्हा चाचणी करायची गरजच नाही. आजार गंभीर झालेला असेल, किंवा कॅन्सरचे उपचार, अवयवरोपण अशा कारणांनी प्रतिकारशक्ती कमी असेल तर गोष्ट वेगळी, ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. एरवी महिन्याने येणारा पॉझिटिव्ह रिपोर्ट हा जुन्या आजाराची खूण आहे. या गृहस्थांना पुन्हा पुन्हा चाचणी कोणी करायला लावली, ऑफिसने की सोसायटीने? जर कमिटीने लावली असेल तर त्यांच्या घरी जाऊन तसं सांगा, आणि त्यांच्यासोबत लिफ्टमधून खाली या. सेक्रेटरी सोबत दिसले की चार नोटिसांचं काम होतं.

(आरटीपीसीआरमध्ये कितव्या फेरीला विषाणू सापडला ती संख्या म्हणजे सीटी व्हॅल्यू. ती २२ म्हणजे भयंकर आणि ३२ म्हणजे काही नाही, असे मेसेज फिरतात. ती संख्या स्वॅब कसा घेतला, कोणतं किट वापरलं यावरही बदलते. आजार किती गंभीर होणार हे तिच्यावरून ठरवू नये, असं आयसीएमआरनेही सांगितलं आहे. ती वाचायचं काम डॉक्टरांवर सोडा.)

आता मावशींच्या रिपोर्टबद्दल. राज्य सरकारने २६ ऑक्टोबरला दर कमी केल्यापासून स्वॅब केंद्रावर जाऊन दिला तर आरटीपीसीआर ९८० रुपयांना होते, घरी बोलावलं तर १८०० रुपये. समजा तुमच्या चार विंगमध्ये मिळून साठ मावशी येतात. महिन्यातून दोनदा, स्वस्तातली चाचणी धरली तरी महिन्याला १ लाख १७ हजार ६०० रुपये होतात. हे कोण देणार? सभासद देणार नसतील, आणि माझा अनुभव असा की ठराव करणारे सभासद क्वचितच देतात, तर मावशींनी मार्चपासून आधीच अर्ध्यावर आलेल्या कमाईतून ते भरायचे. शिवाय त्या चाचणीने मिळतं काय? सोमवारी स्वॅब दिला, बुधवारी रिपोर्ट आला, आणि मंगळवारी शेअर रिक्षात लागण झाली. गेटवरचा वॉचमन पुढचे पंधरा दिवस तो कागद पाहून त्यांना आत सोडणार. सगळ्यांना खात्री वाटणार आणि मास्क हनुवटीवर येणार. मला याची जास्त भीती वाटते.

आणि हाच नियम बाकीच्यांना का नाही? ५ ऑक्टोबरपासून हॉटेलं निम्म्या क्षमतेने उघडली आहेत, २१ ऑक्टोबरपासून महिलांना ठरावीक वेळेत लोकलने जाता येतं, तुमचे कित्येक सभासद रोज बसने, लोकलने अंधेरी-बीकेसीला जातात. त्यांच्याकडून कोणी रिपोर्ट मागत नाही. मुंबईत जुलैमध्ये तीन वॉर्डांत रक्तातल्या अँटीबॉडींची, म्हणजे लागण होऊन गेल्याच्या खुणांची, पाहणी झाली. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांमध्ये त्या सापडल्या, इमारतींमधल्या १६ टक्के लोकांमध्ये. लोक याचा अर्थ ‘तिकडून धोका आहे’ असा लावतात. मला त्यात असं दिसतं, की आपल्या ठाण्यातल्या मनोरमा नगर, आझाद नगर किंवा लोकमान्य नगरसारख्या दाट वस्तीत राहणाऱ्या बऱ्याच जणींना हा आजार एव्हाना होऊनही गेला असेल, आणि अजून लागण न झालेल्यांची मोठी संख्या तुमच्या विंगमध्येच आहे. एका घरातून दुसऱ्या घरात जाणारी मावशी दिवसाला चार कुटुंबांच्या श्वासात जाते. धोका तिला तुमच्याकडून तेवढाच आहे. त्यातून शासनाच्या मिशन बिगिन अगेनच्या, म्हणजे लॉकडाऊन टप्प्याटप्प्याने उठवण्याच्या, आदेशांत घरकामाला बंदी नाही, तेव्हा कमिटीने स्वतःहून ती घालू नये.

मग करायचं काय? मी ज्या सोसायट्यांना सल्ला देते त्यांना पहिली गोष्ट सांगते ती पगाराची. मावशींना, त्यांच्या घरात कोणाला, ताप, खोकला, घसा दुखणं, वास जाणं, जुलाब यांतलं काहीही झालं तर त्यांनी फोन करून सांगायचं आणि यायचं नाही. त्या दिवसांचा पगार कापायचा नाही. हे गेटवर मराठी आणि हिंदीत लिहून लावा आणि प्रत्येक घराने आपल्या मावशींना तोंडी सांगा. पगार कापला जाणार असेल तर ताप पॅरासिटामॉल घेऊन दाबला जातो आणि गेटवरच्या तापमापकाला तो दिसत नाही. दुसरी गोष्ट, मावशी घरात असतील तेवढा वेळ घरातल्यांनीही मास्क लावायचा. बहुतेक घरांत मी उलटं पाहिलंय. मावशी ओट्यापाशी घामाने भिजलेला मास्क लावून उभ्या, आणि घरचे सोफ्यावर उघड्या तोंडाने फोनवर बोलतायत. तिसरी, खिडक्या उघड्या ठेवा, पंखा लावा, आणि आजी-आजोबांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसू द्या. मावशींना रोज धुतलेला कोरडा मास्क तुम्ही द्या. एवढं केलंत तर पंधरा दिवसांच्या रिपोर्टपेक्षा जास्त संरक्षण मिळेल, आणि दोघांनाही मिळेल.

वॉचमनचा प्रश्न आणखी वेगळा आहे. त्यांची केबिन एकदा स्वतः आत जाऊन बघा. बहुतेक सोसायट्यांत ती पत्र्याची किंवा काचेची, एक छोटी खिडकी, आत दोन खुर्च्या, आणि शिफ्ट बदलताना तिथेच दोघं-तिघं डबा खातात. रात्रपाळीचा माणूस दिवसा तिथेच झोपतो. दर पंधरा दिवसांनी त्यांचे स्वॅब घेण्यापेक्षा त्या केबिनमध्ये एक एक्झॉस्ट पंखा बसवा, जेवायला पोडियमखाली उघड्यावर टेबल द्या, झोपायला वेगळी जागा द्या. एजन्सीला लेखी कळवा की आजारी माणसाच्या जागी बदली माणूस येईल आणि आजारी माणसाचा पगार बुडणार नाही.

या सगळ्यामागे एक गोष्ट आहे, ती मला वॉर्डात रोज दिसते. उशिरा येणारे रुग्ण बहुतेक वेळा आजाराला हलकं समजून उशीर करत नाहीत. ते घाबरलेले असतात, आणि विषाणूपेक्षा लोकांना जास्त घाबरलेले असतात. ऑगस्टमध्ये साठीतले एक गृहस्थ आले, ऑक्सिजन ८० च्या आसपास. आठवडाभर ताप होता. मुलगा म्हणाला, बाबांनी सांगितलं होतं कोणाला कळू देऊ नका, आधीच्या पेशंटचं नाव ग्रुपवर आलं आणि दूधवाल्यालाही वर सोडलं नव्हतं. ते वाचले नाहीत. पहिल्या दोन दिवसांत चाचणी झाली असती आणि घरात ऑक्सिमीटर असता, तर त्यांच्यासाठी करण्यासारखं पुष्कळ होतं. त्या आठवड्यात घरातल्या तिघांना लागण झाली होती आणि कोणालाच काही माहीत नसल्यामुळे शेजारीही येऊन जाऊन होते.

म्हणून कमिटी कोणताही नियम करेल तेव्हा स्वतःला एक विचारा : या नियमामुळे ताप आलेला माणूस पहिल्याच दिवशी मला फोन करेल, की लपवेल? रिपोर्टची सक्ती, नावं ग्रुपवर टाकणं, दारावर फलक, विंगला कुलूप, यांनी लपवणं वाढतं. पगारी सुट्टी, दारात भाजी, नाव गुप्त ठेवणं, ऑक्सिमीटर, यांनी सांगणं वाढतं. पॉझिटिव्ह कुटुंबाचं नाव फक्त तुम्हाला आणि महापालिकेच्या पथकाला माहीत असलं तर पुरे. त्यांच्या मजल्यावरच्यांना ते कुटुंब स्वतः सांगेल, तुम्ही त्यांना तशी विनंती करा. ज्यांचा जवळून संपर्क आला त्यांना सांगणं आवश्यकच आहे, बाकी शंभर घरांना नाव कळून काही उपयोग नाही.

बी विंग सील करायची का? हा निर्णय महापालिकेचा आहे, आणि त्यांचे लोक आता फ्लॅट किंवा मजला पाहून ठरवतात. कमिटीने स्वतः कुलूप लावू नये. आग लागली, कोणाला छातीत दुखलं, तर त्या कुलपाची किल्ली शोधत बसावं लागेल. बंद करण्याची किंमत कोण भरतं हेही आपण जुलैत पाहिलं. २ जुलैपासून ठाण्यात पुन्हा लॉकडाऊन लागला, तो १९ पर्यंत वाढला, नवी मुंबईतही तेच झालं. आपल्यापैकी बरेच जण लॅपटॉपवर काम करत होते, रोज कमावणाऱ्यांचं काम पुन्हा थांबलं. बंदने थोडा वेळ मिळतो. तो वेळ खाटा, चाचण्या, संपर्क शोधणं यांसाठी वापरला तरच त्याला अर्थ असतो. एका विंगला कुलूप लावून तुम्ही असं काय उभारणार आहात?

लिफ्टमध्ये एका वेळी एक कुटुंब, मास्क, बोलणं नाही, पंखा चालू. कचरा घरातच वेगळ्या पिशवीत बांधायचा, पालिकेच्या सूचनेप्रमाणे द्यायचा. भाजीवर आणि माणसांवर फवारणी करू नका. माणसांवर जंतुनाशक फवारू नये, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिलमध्येच सांगितलंय. हात साबणाने धुतले की पृष्ठभागांची काळजी पुरेशी झाली.

हवेची काळजी मात्र पुरेशी होत नाही, आणि जिम, क्लबहाऊस, दिवाळी पहाट या तिन्हींचं उत्तर तिथेच आहे. बोलताना, गाताना, धापा टाकताना तोंडातून अतिसूक्ष्म थेंब निघतात आणि बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. खोलीच्या एका कोपऱ्यात अगरबत्ती लावली तर वास कुठवर आणि किती वेळात पोहोचतो ते आठवा, आणि खिडकी उघडल्यावर काय होतं तेही. सहा फुटांची खूण उघड्यावर उपयोगी आहे. बंद एसी हॉलमध्ये तासभर बसलात तर तिचा आधार फार थोडा. दक्षिण कोरियात फेब्रुवारी-मार्चमध्ये नाचाच्या व्यायामवर्गांतून १२ ठिकाणी मिळून ११२ जणांना लागण झाली. छोट्या खोल्या, जोरात श्वास. तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशातल्या सुमारे ८५ हजार रुग्णांच्या संपर्कांचा अभ्यास नुकताच प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७० टक्के बाधितांपासून त्यांच्या कोणत्याही शोधलेल्या संपर्काला लागण झालेली दिसली नाही. म्हणजे साथ थोड्या लोकांकडून, ठरावीक जागी, एकदम बऱ्याच जणांना होऊन पसरते. त्या जागा ओळखून टाळल्या तर बाकीचं जगणं बऱ्यापैकी उघडता येतं. मला हा अभ्यास खूप दिलासा देणारा वाटतो.

जिम उघडायला २५ ऑक्टोबरपासून परवानगी आहे. तुमची जिम तळमजल्यावर, खिडक्या असलेली असेल तर एसी बंद, खिडक्या उघड्या, एका वेळी चार जण, पाऊण तासाचे गट आणि मध्ये पंधरा मिनिटं रिकामी जागा, असं चालू शकेल. बेसमेंटमध्ये असेल तर उघडू नका. ट्रेडमिलचं हँडल पुसून बेसमेंटची हवा बदलत नाही. तरुणांना सांगा की दोरीउड्या, योगा, वजनं सगळं पोडियमवर आणा. नोव्हेंबरच्या सकाळी येऊरच्या डोंगराकडून गार वारा येतो, याहून चांगली जिम मिळणार नाही.

क्लबहाऊसबद्दल माझी वेगळी सूचना आहे. तुमच्याकडे वन बीएचके घरं बरीच असतील. एक संडास, चार माणसं, त्यातला एक पॉझिटिव्ह. तिथे होम आयसोलेशन जमतच नाही, आणि सौम्य आजार असूनही माणसाला घरापासून लांब जावं लागतं. ठाण्यात बाळकुमचं ग्लोबल हब, वाशीत सिडकोचं प्रदर्शन केंद्र अशा मोठ्या सोयी उभ्या राहिल्या म्हणून हजारोंची सोय झाली, पण म्हातारी माणसं तिथे जायला घाबरतात आणि पुन्हा लपवालपवी होते. सोसायट्यांनी आपल्या आवारात छोटं कोविड देखभाल केंद्र कसं चालवावं, याच्या सूचना आरोग्य मंत्रालयाने जुलैमध्येच दिल्या आहेत. क्लबहाऊसमध्ये दोन-चार खाटा, वेगळं स्वच्छतागृह, एक डॉक्टर फोनवर. महापालिकेशी बोलून हे करता येतं का ते बघा. वाढदिवसाच्या पार्ट्या पुढच्या वर्षी करता येतील.

दिवाळी पहाट. वॉशिंग्टन राज्यात मार्चमध्ये एका गायनवृंदाचा सराव झाला, अडीच तासांचा, बंद हॉलमध्ये. ६१ जण होते, ५३ आजारी पडले. त्यामुळे हॉलमध्ये कार्यक्रम अजिबात नको. उघड्या पोडियमवर, गायक आणि पहिल्या रांगेत भरपूर अंतर, खुर्च्या कुटुंबानुसार लांब लांब, मास्क, एक तासात समाप्त, असं केलंत तर माझा विरोध नाही. लोकांना सोबत गायला लावू नका. फराळाचं टेबल ठेवू नका, कारण फराळ म्हटलं की पन्नास माणसं एकाच वेळी मास्क काढून गप्पा मारणार. डबे भरून घरोघरी द्या. मला पोडियमपेक्षा भाऊबीजेची चिंता आहे. पुण्याहून, नाशिकहून भाऊ येणार, बहीण, भावजय, मुलं, आजी, सगळे एका हॉलमध्ये पंख्याखाली तीन तास, जेवण, फोटो, मास्क कोणाच्याच तोंडावर नाही, कारण ‘घरचेच आहेत’. गणपतीनंतर सप्टेंबरमध्ये राज्यात दिवसाला वीस हजारांहून जास्त रुग्ण सापडत होते, आणि आत्ता आकडे उतरताहेत म्हणून आपण सैलावलो आहोत. दिल्लीत सध्या पुन्हा चढ चालू आहे. ओवाळायचं तर गच्चीत किंवा खिडक्या उघड्या ठेवून ओवाळा, थोडक्यात आटपा, जेवण वेगवेगळ्या खोल्यांत किंवा डब्यातून. ज्याला जरा कणकण वाटते त्याने यंदा व्हिडिओ कॉलवर यावं आणि त्याबद्दल कोणी रुसू नये. फटाके नकोत, बरं झालेल्यांची फुप्फुसं अजून नाजूक आहेत. आणि सॅनिटायझर लावलेल्या हातांनी पणती लावू नका, तो अल्कोहोल आहे, पेट घेतो. हात साबणाने धुवा.

शाळांसाठी राज्याने २३ तारखेपासून नववी ते बारावीची परवानगी दिली आहे, पालकांची लेखी संमती आणि शिक्षकांची आरटीपीसीआर अशा अटींवर. आपल्याकडच्या महापालिका काय ठरवतात ते कळेलच. शिक्षकांच्या त्या एका चाचणीबद्दलही मी वर लिहिलं तेच म्हणेन : ती त्या दिवसापुरती. पालकांनी शाळेला विचारायचं ते असं, की वर्गाच्या खिडक्या उघडतात का, एका वर्गात किती मुलं बसवणार, डबा कुठे खाणार, आणि मूल आजारी पडून घरी राहिलं तर हजेरीवरून त्याला त्रास देणार का. मुलाला स्वतःला गंभीर आजार होण्याची शक्यता खूप कमी आहे. ज्या घरात मधुमेह किंवा हृदयविकार असलेले आजी-आजोबा एकाच खोलीत झोपतात, त्या घराने मात्र अजून थांबलं तर मी त्यांना घाबरट म्हणणार नाही.

रविवारच्या सभेत रिपोर्टचा ठराव आलाच, तर साठ मावशींच्या चाचण्यांचा तो महिन्याचा आकडा सगळ्यांसमोर मांडा आणि तेवढ्याच पैशांत काय होतं ते सांगा : प्रत्येक विंगला दोन ऑक्सिमीटर, वॉचमनच्या केबिनला पंखा, मावशींना धुता येणारे मास्क, आणि ज्याला लक्षणं आहेत पण ९८० रुपये परवडत नाहीत अशा कोणाच्याही, मावशी असो वा सभासद, चाचणीचा खर्च सोसायटीतून. लक्षणं आलेल्याची चाचणी चोवीस तासांत झाली पाहिजे, या एका गोष्टीसाठी कितीही पैसे खर्च करा. सभेला मला फोनवर घ्यायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर घ्या, तोपर्यंत मी वॉर्डात असते.